पंखे फिरतात, लाइट लागते पण डिस्प्ले नाही: नवा मदरबोर्ड घ्यायच्या आधी हे करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, २०१८ च्या शेवटी घेतलेला, त्यावर रायझन ३ २२००जी, ८ जीबीची एकच रॅम, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय) आणि ६०० व्हीएचा यूपीएस, हे सगळं इतकी वर्षं विनातक्रार चालत होतं. आता व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं म्हणून एकाच बैठकीत तीन गोष्टी बदलल्या, प्रोसेसर रायझन ५ ५६०० टाकला, ८-८ जीबीच्या दोन नव्या रॅम जुन्या रॅमच्या शेजारी लावल्या आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसवलं. बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइट लागते पण मॉनिटरवर "नो सिग्नल". दुकानात नेला तर मदरबोर्ड गेला, नवा टाका असं सांगितलं, आणि तुम्ही विचारताय की बोर्ड खरंच गेला असेल का, घेऊन टाकू का.

समोर मशीन नसताना खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. पण मी गेली कित्येक वर्षं हेच काम करतोय आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून बोर्ड जाणं ही माझ्या मते सगळ्यात शेवटची शक्यता आहे. आज काही विकत घेऊ नका. आणि तुमच्याकडे तो जुना २२००जी अजून आहे असं तुम्ही लिहिलंय ना, तो कोणालाही देऊ नका विकू नका, कारण तुमचा सगळा प्रश्न त्याच्याच जोरावर सुटणार आहे.

खरी अडचण अशी आहे की तीन वस्तू एकदम बदलल्यामुळे आता दोष कुठे आहे ते ओळखायला काही आधारच उरला नाही. प्रोसेसर, रॅम, कार्ड, एसएमपीएस, केबल, यातलं काहीही असू शकतं आणि कदाचित एकापेक्षा जास्तही असेल. म्हणून "खराब काय आहे" हे शोधत बसण्याऐवजी "शेवटचं काय चालत होतं" तिथे परत जायचं आणि तिथून एकेक वस्तू चढवत यायचं. हे सगळे सांगतात, पण कुठल्या क्रमाने चढवायचं हे कोणी सांगत नाही, आणि तुमच्या केसमध्ये क्रमाला फार महत्त्व आहे. तो पुढे सांगतो.

आधी एक बघा, "सुरू होत नाही" याचे बरेच अर्थ होतात. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, तर एसएमपीएस, पॉवर बटणाची वायर किंवा बोर्डवर शॉर्ट. एक-दोन सेकंद पंखे फिरून बंद, तर शॉर्ट, किंवा एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले नाही, हे तुमचं. आणि डिस्प्ले येतो पण विंडोज येत नाही हा पूर्ण वेगळा आजार. तुमच्या प्रकारात एसएमपीएसकडून बोर्डाला वीज पोचतेय, बोर्ड ती वाटतोय, पण पुढे जी स्वतःची तपासणी असते, ज्याला पोस्ट म्हणतात, ती पूर्ण होत नाहीये किंवा पूर्ण होतेय पण चित्र तुमच्या मॉनिटरपर्यंत येत नाहीये. या दोन्हीत फरक आहे आणि तुमच्या बाबतीत दोन्ही व्हायला जागा आहे.

पहिला संशय बायोसवर, म्हणजे चालू होताना बोर्ड सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालवतो त्याच्यावर. बी४५० चे बोर्ड बाजारात आले जुलै २०१८ मध्ये. रायझन ५००० मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये, आणि तुमचा साधा ५६०० तर एप्रिल २०२२ चा. सॉकेट तोच, एएम४, म्हणून प्रोसेसर अगदी व्यवस्थित बसतो आणि लोकांना वाटतं बसला म्हणजे चालणार. पण प्रोसेसरला जागं करून मेमरीशी बोलतं करायचा जो कोड असतो तो बायोसच्या चिपमध्ये असतो, आणि २०१८ च्या बायोसला चार वर्षांनी आलेला प्रोसेसर माहीतच नाही. तो ओळखतच नाही, त्यामुळे पंखे फिरतात आणि पुढे काही होत नाही, एरर पण दाखवत नाही कारण एरर दाखवण्याइतकंही काम सुरू झालेलं नसतं. एएमडीने तर मे २०२० मध्ये आधी जाहीर केलं होतं की बी४५० ला ही पुढची मालिका मिळणारच नाही, लोकांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. तेव्हा सपोर्ट आहे, नक्की आहे, पण तो नव्या बायोसमधून येतो. तुम्ही मधल्या काळात बायोस कधी अपडेट केला असं लिहिलेलं नाही, म्हणून मी केला नाही असं धरतोय. केला असेल तर हा संशय कमी होतो आणि खालच्या बाकीच्या गोष्टी वर येतात.

दुसरा संशय अगदी साधा आहे पण हुशार माणसंही यात अडकतात. मॉनिटरची केबल कुठे लावलीय? २२००जी मधल्या त्या जी चा अर्थ त्याच्यात ग्राफिक्स आहे, त्यामुळे इतकी वर्षं तुमची एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टला होती. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. तो बसवल्यावर मदरबोर्डवरचे एचडीएमआय, व्हीजीए सगळे पोर्ट मेलेले असतात, तिथून कधीच काही दिसणार नाही. केबल कार्डाच्या पोर्टला पाहिजे, कॅबिनेटच्या मागे खालच्या बाजूला जे आडवे पोर्ट असतात तिथे. इंटेलवाल्यांनाही हे लागू आहे, ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्स नसतं. हे आत्ता लगेच बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि मॉनिटरचा इनपुट सोर्स पण बरोबर निवडलाय ना तेही बघून घ्या.

बोर्डवर कडेला चार बारीक एलईडी आहेत का बघा, शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोजची डिस्क) असं छापलेलं असतं. सगळ्या बी४५० बोर्डांवर नसतात, स्वस्तातल्यांवर बहुतेक नसतात. असतील तर जी लागून राहते तिथे गाडी अडली असं समजायचं. सीपीयू किंवा डीरॅमची लागून राहिली तर बायोसचा संशय पक्का होत जातो. व्हीजीएची राहिली तर प्रोसेसर आणि रॅम पास झाले, कार्डाकडे बघायचं. आणि बूटची लागली तर पोस्ट झालेलं आहे, तुम्हाला फक्त दिसत नाहीये, म्हणजे केबल किंवा मॉनिटर.

एलईडी नसतील तर छोटा बझर स्पीकर आणा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायची गरज नाही, कुठल्याही गावातल्या कॉम्प्युटर दुकानात वीस-तीस रुपयात मिळतो, चार पिनांचा असतो, बोर्डवर जिथे एसपीके किंवा स्पीकर लिहिलंय तिथे लावायचा. मग सगळ्या रॅम काढून मशीन चालू करा. रॅम नाही म्हणून बीप वाजला तर आनंदाची गोष्ट आहे, कारण "रॅम नाही" हे कळायला बोर्ड, प्रोसेसर आणि बायोस तिघेही जिवंत असावे लागतात. काहीच वाजलं नाही तर त्या तिघांपैकी कोणीतरी काम करत नाहीये. मदरबोर्ड गेला असं सांगण्याआधी ही चाचणी दुकानात करायला हवी होती, जुन्या प्रोसेसरवर आणि नव्या प्रोसेसरवर दोन्ही वेळा. ती केली का हे त्यांना जरूर विचारा.

आता मागे जायचं. एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट निघून जाईल. हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावायचा, स्टॅटिक जाण्यासाठी. कार्ड काढा. नव्या दोन्ही रॅम काढा. आता प्रोसेसर.

इथे थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, केसासारख्या बारीक. कूलर सरळ वर ओढला तर थर्मल पेस्टच्या (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) चिकटपणामुळे प्रोसेसर सॉकेटची कडी लावलेली असतानाही त्याच्यासोबत उपसून येतो आणि पिना वाकतात. त्यामुळे कूलरचे चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने सोडवायचे, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकासा फिरवायचा, तो सैल झालाय असं हाताला कळलं की मगच उचलायचा. स्क्रू सोडताना बोर्डच्या मागची बॅकप्लेट खाली पडते, एका हाताने मागून धरा, नाहीतर नंतर बोर्ड बाहेर काढूनच ती लावावी लागेल. प्रोसेसर काढला की उलटा करून उजेडात तिरका धरा आणि पिनांच्या रांगा नजरेखालून घाला, सरळ रांगेत एखादी वाकडी असेल तर लगेच दिसते. जुना काढून नवा बसवताना तुमच्या हातून एखादी वाकली असेल तर तेच कारण असू शकतं. वाकलेली पिन मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने किंवा पातळ ब्लेडने हळूहळू सरळ करता येते, पण एकाच पिनेला परत परत मागेपुढे केलं तर ती तुटते, तेव्हा हात स्थिर नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. दोन्ही प्रोसेसर असेच बघा.

जुना २२००जी बसवताना प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणासमोर यायला हवा, तो आपल्या वजनानेच खाली बसतो, दाबायचा अजिबात नाही. जुनी पेस्ट पुसून मुगाएवढी नवी पेस्ट, कूलर, आणि कूलरच्या पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच. जुनी एक रॅम, प्रोसेसरपासून मोजलं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये. तुम्ही तीन रॅम लावल्या होत्या म्हणजे तुमच्या बोर्डाला चार स्लॉट आहेत. रॅम बसवताना क्लिप टक् करून लागली पाहिजे, अपग्रेडनंतर येणाऱ्या मशीनमध्ये रॅम एका बाजूने वर राहिलेली मला सारखी सापडते. रॅमचे सोनेरी दात काळपट दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर सगळेच वापरतात, चालतं, पण हलक्या हाताने आणि त्याचा चुरा पूर्ण झटकून. आमच्या कोकणातल्या दमट हवेत तर हे नेहमीचंच आहे, पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेली मशीन नुसती रॅम पुसून चालू होतात.

मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसून टाका. बोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, एवढं पुरे. सेल सहा-सात वर्षांचा झालाच आहे तर नवाच टाका. आता मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला, आणि यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावून चालू करा.

डिस्प्ले आला? बहुतेक येईल. आला तर मदरबोर्ड गेलेला नाही हे तिथेच सिद्ध झालं, आणि तुमचे नव्या बोर्डाचे पैसे वाचले.

डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, पहिल्याच पानावर बायोसची आवृत्ती आणि तारीख असते, ती २०१८-१९ ची निघाली तर कारण सापडलं. बोर्डावर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या सपोर्ट लिस्टमध्ये रायझन ५ ५६०० शोधा, समोर कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते दिलेलं असतं. आवृत्तीच्या शेजारची टीप वाचल्याशिवाय डाउनलोड करू नका. काही बोर्डांना फार जुन्यावरून एकदम नव्यावर उडी मारता येत नाही, मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. काहींमध्ये नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढलेला असतो, आणि एकदा वर गेलं की परत खाली येता येत नाही. तुमचा २२००जी नव्या आवृत्तीतही चालणार असेल तर सगळं सोपं आहे. चालणार नसेल तर खाली मी जो क्रम सांगतोय त्यात बायोस अपडेट शेवटी न्या, रॅम आणि कार्ड जुन्याच बायोसवर तपासून घ्या आणि अपडेट झाल्या झाल्या ५६०० बसवा.

अपडेट पेनड्राइव्हवरून आणि बायोसच्या आतूनच करा. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा. असुसमध्ये त्या टूलला ईझी फ्लॅश म्हणतात, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एएसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून करायचं सॉफ्टवेअर पण असतं पण मी ते वापरत नाही, मध्येच विंडोज अडकलं तर बोर्ड खरोखरच जातो. याच कारणाने या वेळेपुरता तो यूपीएस परत जोडा, नुसत्या २२००जी ला कार्डाशिवाय तो आरामात पुरतो, आणि ज्या दिवशी तुमच्याकडे लाइट सारखी जाते त्या दिवशी हे काम काढू नका. टक्केवारी थांबल्यासारखी वाटली तरी हात लावायचा नाही, आपोआप रीस्टार्ट होईल.

ज्यांच्याकडे जुना प्रोसेसर नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो, काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्याने प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून अपडेट होतं, फक्त फाइलचं नाव कंपनी सांगते तेच द्यावं लागतं आणि पेनड्राइव्ह ठरलेल्या यूएसबी पोर्टलाच लावावा लागतो. ते बटण नसेल तर कोणाकडून तरी तासाभरासाठी जुना रायझन मागून आणावा लागतो, दुसरा मार्ग घरच्या घरी नाही.

आता चढवायचा क्रम. माझा आग्रह आहे की बायोसनंतर आधी रॅम, मग कार्ड आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी. कारण २२००जी मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे तो आत असेपर्यंत तुमच्याकडे बोर्डच्या पोर्टवरून दिसणारा एक भरवशाचा डिस्प्ले आहे. कार्डाने दगा दिला तरी कार्ड काढून तुम्ही परत बघू शकता. ५६०० बसला की डिस्प्ले फक्त कार्डावर अवलंबून, मग अंधार झाला तर प्रोसेसर की कार्ड हे कळायला मार्ग नाही. बहुतेक जण उत्साहात प्रोसेसरच आधी बदलतात आणि आंधळे होतात.

रॅमचं म्हणाल तर ती जुनी ८ जीबी बाजूला ठेवा. नव्या दोन रॅम जोडी म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. तिन्ही लावल्या तर सगळ्या सगळ्यात हळू रॅमच्या स्पीडने चालतात, तुमची जुनी बहुधा २४०० ची असेल आणि नव्या ३२०० च्या, म्हणजे नव्याचे पैसे वाया, वर वेगवेगळ्या चिपांचं आपापसात पटलं नाही की कधी बूट होतं कधी नाही असा विचित्र त्रास. १६ जीबी एडिटिंगला चालू करायला पुरतात, पुढे वाढवायची झाली तर १६-१६ ची जोडी घ्या. एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग, आत्ता चालू करू नका, २२००जी चा मेमरी कंट्रोलर जुना आहे. ५६०० बसून सगळं स्थिर झाल्यावर करा. नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा मशीन दोन-तीन वेळा आपणहून बंद-चालू होऊ शकते आणि पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो, ती मेमरीचं ट्रेनिंग करत असते. घाबरून लगेच बटण दाबून बंद करणारे खूप आहेत, आणि मग दर वेळी ते ट्रेनिंग पहिल्यापासून. काही मिनिटं नुसतं थांबा.

कार्ड आणि एसएमपीएस, यावर जरा सविस्तर बोलतो कारण तुमचा आत्ताचा आजार यामुळे नसला तरी पुढचा नक्की यामुळे होणार आहे. आरटीएक्स ३०६० ची अधिकृत वीज १७० वॅट आणि कंपनी त्याच्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. तुमच्या एसएमपीएसवर ४५० लिहिलंय पण कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवरच्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बाजूचं लेबल वाचा. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघा. समजा १८ लिहिलंय, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवरच चालतात म्हणून तुमच्या कामाचा आकडा तो. कार्डाचे १७० आणि ५६०० चे जास्तीत जास्त ७६ मिळून २४६ झाले, पंखे आणि डिस्क वेगळेच. पुरत नाही. असा एसएमपीएस चालू करताना कदाचित साथ देईल, डेस्कटॉप पण दिसेल, आणि रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं काम) लावलं की मशीन खटकन बंद. वाईटात वाईट म्हणजे स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, सोबत बोर्ड किंवा कार्ड घेऊन जातो. त्यामुळे तुमचे जे पैसे मदरबोर्डवर जाणार होते ते चांगल्या कंपनीच्या ५५० किंवा ६५० वॅटच्या, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेल्या एसएमपीएसवर घाला. या सगळ्या अपग्रेडमध्ये खरेदी करायची राहून गेलेली वस्तू ती आहे.

कार्डाला ८ पिनचं पॉवर कनेक्टर आहे ना, ते कशातून दिलंय? जुन्या एसएमपीएसला ती वायर नसते म्हणून दुकानातून मोलेक्स किंवा साटाचा (डिस्कला वीज देणाऱ्या वायरींचा) कन्व्हर्टर घेऊन जोडतात. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरचा असतो म्हणजे ५४ वॅट, आणि ८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. कनेक्टर वितळलेले मी पाहिलेत, वास येतो आणि प्लॅस्टिक तपकिरी पडतं. तसा कन्व्हर्टर लावला असेल तर आजच काढा. आणि ती वायर लावलीच नसेल, फक्त स्लॉटमधून कार्ड चालेल असं वाटलं असेल, तर स्लॉट ७५ वॅटच देतो, कार्ड डिस्प्ले देणार नाही.

आणखी एक, प्रोसेसरची ८ पिन वायर आणि कार्डाची ८ पिन वायर सारख्या दिसतात पण वेगळ्या आहेत, प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते आणि कार्डाची ६ अधिक २ अशी. दोघींत प्लस आणि ग्राउंड उलट बाजूला असतात, जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवली तर थेट शॉर्ट. नवा एसएमपीएस मॉड्युलर घेतलात, म्हणजे ज्याच्या वायरी सुट्या निघतात, तर जुन्याच्या किंवा मित्राच्या एसएमपीएसच्या वायरी त्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी नाही. एसएमपीएसच्या टोकाकडच्या पिनांची मांडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते आणि अशाने चांगल्या हार्ड डिस्क जळतात.

नवा एसएमपीएस आला की २२००जी वरच कार्ड बसवून बघा, केबल कार्डाला लावा. २२००जी कार्डाला १६ ऐवजी ८ च लेन (डेटा जायच्या वाटा) देतो, त्यामुळे वेग थोडा कमी असेल, पण चाचणीला काही फरक पडत नाही. डिस्प्ले आला, ड्रायव्हर टाकला, अर्धा तास काहीतरी रेंडर करून बघितलं, तर रॅम, कार्ड, एसएमपीएस तिन्ही पास. आता फक्त ५६०० राहिला आणि बायोस त्याला ओळखतोय. तो बसवा.

५६०० बसवल्यावर पहिल्या बूटला काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक मेसेज येऊ शकतो की नवा सीपीयू आलाय, एफटीपीएम (कुलुपाच्या चाव्या साठवायची सुरक्षित जागा) रीसेट करू का, वाय की एन. इथेही लोक घाबरतात. प्रोसेसर बदलला की हे येतंच. पण वाय दाबण्याआधी, म्हणजे खरं तर जुना प्रोसेसर काढण्याच्याही आधी, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर तो तात्पुरता बंद करा किंवा त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. नाहीतर वाय दाबल्यावर विंडोज ती की मागेल आणि तुमच्याकडे नसेल तर डेटा गेला. हा भाग कृपा करून टाळू नका, तुमचे एडिटिंगचे प्रोजेक्ट त्याच डिस्कवर आहेत असं तुम्ही लिहिलंय.

बायोस अपडेटनंतर सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यामुळे डिस्प्ले आला पण बूट डिव्हाइस सापडत नाही असं म्हणाला तर डिस्क गेली असं समजू नका. २०१८ मध्ये विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल आणि नव्या बायोसने सीएसएम (ती जुनी पद्धत चालू ठेवणारी सेटिंग) बंद केलं असेल तर असं होतं. सीएसएम चालू करा, विंडोज येईल. सावकाश नंतर एमबीआर२जीपीटी या विंडोजच्याच टूलने डिस्कची मांडणी बदलून यूईएफआय या नव्या पद्धतीवर जाता येतं, अर्थात बॅकअप घेऊन.

यूपीएसबद्दल थोडक्यात. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा, त्यावर मॉनिटरही आहे. रेंडर चालू असताना लाइट गेली तर तो ओव्हरलोडचा आवाज करून बंद पडायची चांगलीच शक्यता आहे. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या खडबडीत वेव्हवर स्विच होताना काही वेळा मशीन रीस्टार्ट होते. १००० व्हीएच्या पुढचा घ्यायचा विचार ठेवा, पण ते नंतर केलं तरी चालेल.

आता समजा २२००जी, एक जुनी रॅम, कार्ड नाही, सीमॉस क्लिअर, एवढ्यावरही डिस्प्ले आला नाही तर? तरी बोर्डावर शिक्का मारायची घाई नको. प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली ४ किंवा ८ पिन वायर पूर्ण बसलीय का बघा, काम करताना ती सैल होते आणि ती नसली तरी पंखे मात्र फिरतात. रॅम बदलून, स्लॉट बदलून बघा. मग बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवा, पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की चालू होतो. बाहेर चालला आणि आत नाही, तर बोर्डाखाली एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा धातूचा खुंट) किंवा पडलेला स्क्रू शॉर्ट करतोय. त्यानंतर दुसऱ्याचा चांगला एसएमपीएस लावून बघा. एवढं सगळं करून बझरसुद्धा गप्प राहिला तरच बोर्ड गेला म्हणायचं, आणि तेव्हाही दुकानदाराला म्हणा की माझा प्रोसेसर तुमच्या दुसऱ्या चालू बोर्डवर लावून दाखवा, म्हणजे प्रोसेसर गेलेला नाही याची खात्री होईल.

यातल्या कुठल्याही पायरीवर अडलात तर बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन, बायोसची तारीख, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, कुठली एलईडी लागून राहते किंवा बीप कसा वाजतो, आणि त्या क्षणी कुठला प्रोसेसर नि कुठली रॅम आत होती, एवढं लिहा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.